हलक्या विटा

मला लिहिता येतं, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. बोईसरच्या शाळेत मराठी शिकवायला लागले त्याच्याही आधीपासून मी लिहीत होते. दिवाळी अंकांत कथा छापून यायच्या, एकदोन बक्षिसंही पदरात पडली होती. त्यामुळे आठवीच्या वर्गातल्या एका मुलीने मला जवळजवळ आव्हानच दिलं, तेव्हा मी ते चांगलं ताठ मानेने स्वीकारलं.

ही मुलगी किनाऱ्यावरच्या दांडी गावची. वडिलांची बोट होती आणि तिचा आवाज वाऱ्यावर बोलायची सवय असल्यासारखा खणखणीत होता. वाचनाच्या तासाला तिने शाळेच्या कपाटातली एक जाडजूड कादंबरी घेतली होती. परदेशातल्या अचाट शक्ती असलेल्या मुलांची गोष्ट, मराठीत आणलेली. ती संपवून तिने पुस्तक माझ्या टेबलावर आणून आपटलं.

"बाई, ही सगळी पोरं बर्फातच कशी काय जन्मतात? आपल्याकडं कुणालाच नाय का अशी ताकद?"

"आहे की," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत नाही, एवढंच."

"मग सांगा."

"सांगते. येत्या शनिवारी."

मागच्या बाकावरच्यांनीही माना वर केल्या. सोळा वर्षांच्या नोकरीत असं मी मोजक्याच वेळा पाहिलं होतं. त्या आठवड्यात घरी आल्यावर मी स्वयंपाक उरकायचे आणि लिहायला बसायचे. शनिवारी पहिलं प्रकरण तयार होतं.

गोष्ट अशी होती. तारापूरसारख्याच एका किनाऱ्यावरच्या गावात तीन मुलं असतात. एका मुलीला खोट्याचा वास येतो. समोरचा माणूस खोटं बोलायला लागला की तिच्या नाकाला झोंबतं. एका मुलाचं पाणी ऐकतं. आणि तिसऱ्या मुलीने हात लावला की वस्तूचं वजन निघून जातं. त्यांची नावं मी मोठ्या हौसेने ठेवली होती, पण वर्गाने ती कधी वापरलीच नाहीत. पहिल्याच दिवसापासून ती वासवाली, पाणीवाला आणि वजनवाली झाली. एक म्हातारा खलाशी या तिघांना हेरतो आणि केळव्याच्या समुद्रातल्या जुन्या किल्ल्यात, पाणकोटात, नेतो. ओहोटीला जगाला नुसत्या पडक्या भिंती दिसतात, पण आत अशा मुलांची एक गुप्त शाळा भरत असते. आणि मुलांच्या शक्ती काढून बाटल्यांत भरून विकणारा एक माणूस त्यांच्या मागावर असतो.

वर्गाला गोष्ट आवडली. उगाच विनय कशाला करू, त्यांना ती वेड लागल्यासारखी आवडली. आमच्या वर्गात निम्मी मुलं कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांची होती, घरी हिंदी बोलणारी. काही किनाऱ्यावरची, काही डोंगराकडच्या पाड्यांवरची, वसतिगृहात राहणारी. एरवी मधल्या सुट्टीत त्यांचे तीन वेगळे घोळके असायचे. आता शनिवारी शेवटच्या तासाला सगळी पुढे सरकून बसायची. बाटलीवाल्याला कसं मारायचं यावर भांडणं व्हायची. पाणीवाल्याने कंपनीच्या नाल्यातलं पाणी स्वच्छ करून दाखवावं, अशी मागणी आली. ती मी ताबडतोब मान्य केली.

खिडकीजवळच्या बाकावर डोंगराकडची एक मुलगी बसायची. तिने कधी काही विचारलं नाही की मागितलं नाही. हात गुडघ्यांवर ठेवून ऐकायची. एका शनिवारी मी आधीच्या वेळी कुठे थांबले होते तेच विसरले आणि वहीची पानं चाळत बसले. तेव्हा ती जागेवरूनच बोलायला लागली.

"खलाशाने वल्हं उचललं आणि तो म्हणाला, मागे वळून बघायचं नाही. वजनवाली मागे वळली नाही. पण तिच्या मुठीत अंगणातली माती होती, आणि ती मूठ तिने उघडली नाही."

मी पान शोधून पाहिलं. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. फक्त माझ्या नायिकेचं नाव गाळून तिने वजनवाली म्हटलं होतं.

"तुला हे पाठ कसं?"

"ऐकलं ना," ती म्हणाली. मी काहीतरी विचित्रच विचारतेय, असा तिचा चेहरा होता.

मग मी तिला आधीच्या प्रकरणांतलं विचारून पाहिलं. सगळं येत होतं. माझ्या खोकल्याने मोडलेलं एक वाक्यही तिने खोकल्यासकट सांगितलं, तेव्हा वर्ग खदखदून हसला आणि ती पहिल्यांदा लाजली. लेखी परीक्षेत मात्र ही मुलगी कशीबशी पास व्हायची. तिची अक्षरं वाकडी, लिहिण्याचा वेग कमी. आपण कागदावर भलतंच काहीतरी तपासत आलो, असं त्या दिवशी मला वाटलं. पण तेवढंच वाटलं; त्यावर मी काही केलं नाही.

दिवाळीपर्यंत अकरा प्रकरणं वाचून झाली. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा खिडकीजवळची जागा रिकामी होती.

"भट्टीवर गेली," वसतिगृहातल्या दुसऱ्या मुलीने सांगितलं. "तिच्या आईला दोन वर्सांची पोर हाय. तिला कोण बघणार?"

मला नवल वाटलं नाही. डोंगराकडची कितीतरी कुटुंबं भात कापून झाला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मुलं मागे ठेवायची सोय असते, पण दोन वर्षांच्या पोरीला सांभाळायला मोठी बहीणच लागते. हजेरीवर मी दरवर्षीसारखी खूण केली आणि पुढे गेले.

सुट्टीत मी शेवटची चार प्रकरणं लिहून टाकली होती. तिन्ही मुलं कायमची पाणकोटात जातात, तिथे तयार होतात, बाटलीवाल्याला हरवतात आणि शाळेच्या भिंतीवर त्यांची नावं कोरली जातात. मला शेवट फार आवडला होता. पुण्याच्या एका प्रकाशनाला मी हस्तलिखित पाठवलं आणि महिन्याभरात होकार आला. वर्गात ही बातमी सांगून मी शेवट वाचून दाखवला.

"छान हाय, बाई," दांडीची मुलगी म्हणाली.

"मस्त था, मॅडम," मागून एकजण म्हणाला.

टाळ्या वाजल्या. पण प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपल्यावर मुलं ज्या टाळ्या वाजवतात, त्या मला चांगल्या ओळखता येतात. या त्याच होत्या. बाटलीवाला मेला तेव्हाही कुणी बाकावर हात आपटला नव्हता. मी स्वतःची समजूत घातली की परीक्षा जवळ आली आहे, मुलांचं लक्ष नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी भट्टीवर गेले. त्या मुलीचं वर्ष फुकट जाऊ नये, हे एक कारण होतं. तिने शेवट ऐकला नव्हता आणि तिला तरी तो खराखुरा आवडेल अशी मला आशा होती, हे दुसरं. खरं सांगायचं तर दुसरं कारण जास्त जोरात होतं. पाठ्यपुस्तकं आणि शेवटच्या चार प्रकरणांची प्रत पिशवीत टाकून मी वैतरणाला उतरले. खाडीच्या कडेने बरंच चालत गेल्यावर विटांचे ढीग दिसायला लागले. मुकादमाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कुठल्या सरकारी कामाला आलात का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर हाताने एक शेड दाखवली.

दुपारची जेवणं आटोपली होती. शेडच्या सावलीत आठदहा मुलं गोल करून बसली होती आणि मधे माझी विद्यार्थिनी, मांडीवर धाकटी बहीण झोपलेली. ती गोष्ट सांगत होती. मला पाठमोरी होती, त्यामुळे मी येऊन उभी राहिल्याचं तिला कळलं नाही.

"...मग वजनवालीने आईच्या फळीवरच्या विटांना हात लावला. विटा झाल्या हलक्या. कापसासारख्या. आई म्हणते, हे गं काय? डोक्यावर काय नायच जसं! आणि आई लागली भरभर चालायला. मग काय झालं?"

"मुकादमाने बघितलं!" पोरांनी एका सुरात सांगितलं. त्यांना ही गोष्ट तोंडपाठ होती.

"मुकादमाने बघितलं. म्हणाला, ही बाई तर पळतेय. हिला दहा विटा कमीच हायेत. हिला वीस द्या. मग सगळ्यांनाच वीस द्या."

मी हे लिहिलं नव्हतं. माझ्या कादंबरीत वजनवाली विटांना हातसुद्धा लावत नाही. ती जहाजाचा नांगर उचलते, पाणकोटाचा दरवाजा उचलते.

"म्हणून वजनवालीने दुसऱ्या दिवशी काय केलं? विटा हलक्या केल्या, पण आईला शिकवलं. आई, पाय जड टाकायचे. मान ताठ धरायची. मधेच थांबून कंबरेवर हात ठेवायचा आणि हुश्श करायचं. म्हणजे मुकादमाला कळणार नाय."

एक चिमुरडी उठून लगेच तशी चालून दाखवायला लागली. बाकीची हसली, आणि त्या गडबडीत कुणाचंतरी लक्ष माझ्याकडे गेलं. माझी विद्यार्थिनी वळली, दचकली आणि उभं राहायला गेली, पण मांडीवर बहीण होती.

"ही आमची बाई," तिने मुलांना सांगितलं. "गोष्टवाली."

एका मुलाने मला नीट न्याहाळलं. "तू ती बाई व्हय, जी पुढचं सांगत नाय?"

डोंगराकडच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना तू म्हणतात. त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती. दिवाळीत गोष्ट अर्धी राहिली, म्हणून त्यांच्या सांगणाऱ्या मुलीने ती आपल्या मनाने पुढे नेली होती. रोज दुपारी थोडी थोडी.

"आज मी पुढचंच घेऊन आलेय," मी म्हटलं आणि प्रत बाहेर काढली.

मी चांगलं वाचते. त्या दिवशीही चांगलंच वाचलं. पोरांनी ऐकूनही घेतलं, पण तिन्ही मुलं घर सोडून कायमची पाणकोटात निघाली, तिथे ती जड चालून दाखवणारी चिमुरडी मधेच म्हणाली, "हे खोटं हाय."

"खोटं कसं?" मी विचारलं. "पाणी ज्याचं ऐकतं तो मुलगा चालतो तुला, आणि हे खोटं?"

"वजनवाली गेली तर तिच्या बारक्या बहिणीला कोण बघेल?"

वजनवालीला बारकी बहीण नाही, असं मी सांगणार होते. पण सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ती आहे हे मला कळून चुकलं. गेले तीन महिने ती होती. मी माझ्या विद्यार्थिनीकडे पाहिलं. ती बहिणीच्या केसांतली माती काढत होती.

"तुला काय वाटतं?" मी तिला विचारलं.

"छान हाय, बाई," ती म्हणाली.

मला राग आला. खरोखरचा राग. तिची आई काम थांबवून भेटायला आली, चिखलाचे हात पदराला पुसत "तू बस, बाई" म्हणाली, कोरा चहा दिला. मी परीक्षेचं बोलले, ती मान हलवत राहिली आणि शेवटी तेच म्हणाली, "पोरीला कोण बघेल?" मी पुस्तकं ठेवून परत निघाले. स्टेशनवर बाकड्यावर बसून मी मनातल्या मनात त्या सगळ्यांशी भांडत होते. मी लेखिका आहे, पुस्तकाला होकार आलेला आहे, आणि माझी गोष्ट खोटी?

राग उतरायला तीन दिवस लागले. बुधवारी मी वह्या तपासत होते आणि लाल पेन हातात तसंच राहिलं, कारण डोळ्यांसमोर एक बाई चालत होती. डोक्यावरची फळी हलकी झालेली आणि तरी पाय जड टाकणारी. मधेच थांबून हुश्श करणारी. माझ्या पंधरा प्रकरणांत इतकं खरं एकही वाक्य नव्हतं. शक्ती मिळाली की तिचं काय होतं, ती कुणाच्या नजरेस पडते, ती कशी लपवावी लागते, हे त्या मुलीला माहीत होतं आणि मला नव्हतं. मी माझ्या मुलांना थेट पाणकोटात नेऊन ठेवलं होतं, कारण घरी ठेवून त्यांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

आपण चुकलो हे एकदा कळलं की मी फार वेळ दवडत नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा भट्टीवर होते. थेट तिच्या आईशी बोलले.

"परीक्षेचे बारा दिवस तिला माझ्या घरी पाठव. बारकीलाही पाठव. दोघींना मी बघते."

"तू शाळेत जाशील. बारकीला मग कोण बघेल?"

"माझा नवरा बघेल," मी म्हटलं.

आई इतकी हसली की शेजारच्या बाया विचारायला आल्या. त्यांना सांगितल्यावर त्याही हसल्या. पण त्या हसण्यातच काहीतरी ठरलं. आई म्हणाली, "बरं. बघू दे त्याला."

नवऱ्याला मी हे संध्याकाळी सांगितलं. तो एका रंगाच्या कारखान्यात पाळीने कामाला आहे. आमची मुलगी तेव्हा शिकायला नाशिकला होती आणि ती लहान असतानाही त्याने तिला कधी एकट्याने सांभाळलं नव्हतं. तो म्हणाला, "दुपारची पाळी मागून घेतो. पण ती रडली तर मी काय करायचं, ते लिहून दे."

एप्रिलात दोघी बोईसरला आल्या. सकाळी मी आणि मोठी शाळेत जायचो आणि बारकी नवऱ्याजवळ राहायची. पहिल्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा तो जमिनीवर आडवा होता आणि ती त्याच्या पाठीवर बसून पाव खात होती. त्याच्या बोटांना कायम पिवळा रंग असतो, कितीही घासलं तरी जात नाही. बारकीने ती बोटं एकेक करून चाटून पाहिली म्हणे. तो घाबरून डॉक्टरांना फोन करणार होता. तिला काही झालं नाही. चौथ्या दिवसापासून ती त्याच्याशिवाय जेवेना.

दुपारी तो कामावर गेला आणि बारकी झोपली, की आम्ही दोघी माझ्या मुलीच्या खोलीत बसायचो. आधी दुसऱ्या दिवशीच्या पेपराचा अभ्यास. तो मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. एकदा ऐकलं की तिच्यापुरतं काम संपलेलं असायचं. लिहायचा सराव मात्र तिने दात-ओठ खात केला. ते झालं की मी माझी वही उघडायचे.

"आता तुझी गोष्ट सांग. पहिल्यापासून."

ती सांगायची आणि मी लिहून घ्यायचे. पहिले दोन दिवस ती संकोचली. मला आवडेल असंच सांगायची, पाणकोट मधेमधे घुसडायची. मी म्हटलं, "पोरांना सांगायचीस तसं सांग." मग सुटली. वाद मात्र खूप घातले. मुकादमाला शेवटी चांगली शिक्षा व्हावी, त्याच्या छातीवर सगळ्या विटांचं वजन टाकावं, असं माझं म्हणणं.

"नको," ती म्हणाली. "तो गेला की दुसरा येतो. त्याच्यापायी पानं कशाला घालवायची?"

"मग शेवट काय?"

त्यावर ती दोन दिवस विचार करत होती. भूगोलाच्या पेपरानंतर घरी येताना, रेल्वेच्या पुलावर मधेच थांबली.

"बाई, बाटलीवाल्याला कळतं ना, की या भट्टीवर वजनवाली हाय? तो तिला धरायला येतो. आता त्याला काय ओळखायचंय? कोण हलकी चालते, ती तिची आई. आईला धरलं की पोर मिळाली."

"हो."

"वजनवाली सगळ्यांच्याच विटा हलक्या करते. आणि सगळ्याच जणी जड चालतात. एकूण एक बाई. हुश्श करतात, कंबर धरतात. तो दिवसभर उन्हात उभा राहून बघतो. कुणाला धरेल?"

पुलावर लोक आमच्या बाजूने जात होते, कुणीतरी वाट सोडा म्हणून ओरडलं. मी हलले नाही. इतकी वर्षं लिहिल्यावर शेवट कशाला म्हणतात ते मला ओळखता येतं.

परीक्षा संपली, दोघी भट्टीवर परत गेल्या. बारकीला सोडायला नवरा रजा काढून आला. मी मे महिन्यात पुस्तक नव्याने लिहिलं. पाणकोट राहिला, पण मुलं तिथे ओहोटीला जाऊन भरतीच्या आत घरी परततात. पुण्याच्या संपादकबाईंना मी फोन करून सांगितलं की स्वीकारलेलं हस्तलिखित विसरा.

"अहो, पण पाणकोटातली शाळा हाच तर त्यातला प्राण आहे," त्या म्हणाल्या. "अद्भुत शक्ती असलेली मुलं विटा वाहतात, हे मुलांना रुक्ष वाटेल. आणि संवादांत हे सगळीकडे हाय-नाय आहे, ते पुण्याकडच्या मुलांना कळणार नाही."

"बर्फ कळतो त्यांना, हाय-नाय पण कळेल," मी म्हटलं. "तुम्ही वाचा. नाही आवडलं तर परत पाठवा. मी जुनं छापू देणार नाही, हे मात्र नक्की."

आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. वजनवाली आईला पाय जड टाकायला शिकवते तिथे त्या वाचायच्या थांबल्या होत्या, उठून घरभर फिरून आल्या होत्या. दोनचार सूचना होत्या, त्या चांगल्या होत्या, मी मानल्या. हाय-नाय तसंच राहिलं.

मुखपृष्ठावर दोन नावं हवीत, हे मी आधीच सांगितलं होतं. त्यासाठी वडिलांची संमती लागणार होती, म्हणून पाऊस लागून कुटुंब पाड्यावर परतल्यावर मी तिकडे गेले. वडील अबोल गृहस्थ. त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हिचं नाव कशाला? लिहिलंस तू."

मी उत्तर द्यायच्या आत मुलगी दारातून म्हणाली, "सांगितलं मी."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही सांगते ते खरं हाय?"

"अगदी खरं," मी म्हटलं. त्यांनी अंगठा उठवला आणि त्याच्याखाली तिने आपली वाकडी सही केली.

लावणी उरकल्यावर शाळेच्या सभागृहात प्रकाशन ठेवलं. पाड्यावरून दहाबारा माणसं आली होती. दांडीची मुलगी पहिल्या रांगेत होती. माझ्या विद्यार्थिनीने एक उतारा वाचायचा होता. तिने पुस्तक उघडून हातात धरलं, पण पानाकडे एकदाही पाहिलं नाही. वजनवाली आईला शिकवते, तोच भाग. पाय जड टाकायचे, मान ताठ धरायची, मधेच थांबून कंबरेवर हात ठेवायचा.

"अगं, कंबरेवर नाय!"

सगळ्यांनी मागे पाहिलं. तिची आई उभी राहिली होती. बोलून गेल्यावर ती क्षणभर गोंधळली, पण आता उभी राहिलीच होती.

"डोक्यावर फळी असताना कंबरेवर हात जाईल का? एक हात फळीला लागतो. दुसरा असा, मांडीवर, भार द्यायला." आणि सभागृहाच्या मधल्या वाटेवरून तिने ते चालून दाखवलं. एक हात डोक्यावर धरून. एक पाऊल, दुसरं पाऊल, थांबली, मांडीवर हात टेकला आणि श्वास सोडला. तिच्या डोक्यावर काहीही नव्हतं, पण ओझं तिच्या मानेत दिसत होतं. मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच राहिले. मग ती व्यासपीठापर्यंत पोचली, लेकीकडे पाहून मोठ्याने हसली, आणि दांडीच्या मुलीने बाकावर दोन्ही हातांनी ताल धरला. त्या टाळ्या प्रमुख पाहुण्यांच्या नव्हत्या.

याला आता काही वर्षं झाली. पुस्तकाने भट्टी थांबली नाही. आईवडील अजूनही दिवाळीनंतर जातात. पण त्या वर्षीपासून मोठी गेली नाही. बारकी माझ्या नवऱ्याला स्वतःच्या मालकीचा समजते आणि त्या महिन्यांत आमच्याकडेच असते; तिला शाळेत घालताना पालक म्हणून सही त्यानेच केली. मोठी पालघरला कॉलेजात शिकते. आजूबाजूच्या शाळा तिला बोलावतात, ती जाते आणि अख्खं पुस्तक न पाहता सांगते. मुलं तिला विचारतात, यातलं बाईंचं किती आणि तुझं किती. ती सरळ सांगते की पाणी आणि वास बाईंचे, वजन माझं.

मागच्या वर्षी पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं, तेव्हा संपादकबाईंनी काही दुरुस्त्या आहेत का विचारलं. आईने सांगितलेली हाताची दुरुस्ती मी कळवली. मोठीने स्वतः बसून आणखी एक काढली: सहाव्या प्रकरणात मी कच्च्या विटा त्याच दिवशी थापून त्याच दिवशी भट्टीत रचल्या होत्या. "वाळायला नकोत का त्या, बाई?" ती म्हणाली. सहा वर्षं तिने हे मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तुमचं प्रकरण होतं ते," ती म्हणाली. मग तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि समासात लिहिलं, आठ दिवस ऊन.